मनातल्या टीमचे कमिशनर

"थांबा. हे मोजायचं का नाय, ते आधी ठरवू," असं म्हणून ते उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या नाकापुढे धरायचे. समोर कोण आहे, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. कँटीनमध्ये कोणी म्हणालं की आज उपमा पुन्हा खारट झालाय, तरी पंजा वर. "सगळा खारट व्हता, का तुमच्याच घासात मिठाचा खडा आला? मग ते मोजायचं का?" उपमा खाणारा बिचारा प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचा.

तुमच्याही नोकरीच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. त्याचा राग येतो, आणि तो रजेवर असला की दिवस अळणी जातो. आमची कंपनी चिकलठाण्याला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. मी परचेसला आणि ते स्टोअरला. म्हणजे मी माल मागवायचा आणि त्यांनी तो मोजून घ्यायचा, असा आमचा वर्षानुवर्षांचा संसार. भांडणंही संसाराला शोभतील अशीच. नटबोल्टच्या पोत्यात दोन नग वाकडे निघाले, तर ते माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि काही न बोलता उभे राहायचे. बोलले असते तर परवडलं असतं.

राहायला ते पडेगावला होते. शहराचं एक टोक पडेगाव, दुसरं चिकलठाणा, आणि मधला सगळा प्रवास कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर. फोनवर "जय भीम" एवढ्या जोरात म्हणायचे की प्रेसशॉपमधल्यांनाही कळायचं, साहेबांच्या घरचा फोन आहे. बुटका बांधा, खिशाला दोन पेनं, चष्म्याला काळी दोरी. आणि या माणसाला वेड कशाचं, तर बास्केटबॉलचं. स्वतः आयुष्यात कधी बॉल हातात धरला नव्हता. कॉलेजात असताना एका सामन्याला गुण लिहिणारा आला नाही, म्हणून कोणीतरी यांना टेबलावर बसवलं. त्यानंतर ते काही उठले नाहीत.

आमच्या प्लँटच्या मागे कडुनिंबांच्या मधे एक बास्केटबॉलचं मैदान होतं. कंपनीच्या जुन्या मालकांची हौस. दर शनिवारी शिफ्ट सुटल्यावर खात्याखात्यांचे सामने व्हायचे, वेल्डिंग विरुद्ध पेंटशॉप, टूलरूम विरुद्ध असेंब्ली. त्यातून निवडलेला संघ वर्षातून एकदा इंटर-कंपनी स्पर्धेला जायचा आणि पहिल्याच फेरीत हरून यायचा. बघायला कोण? टेबलावर हे, आणि गेटवरचा वॉचमन, तोही सिगारेट संपेपर्यंत.

ती वर्षं पावसानं पाठ फिरवलेली होती. जायकवाडीत किती पाणी उरलं हे लोक सकाळी पेपर उघडून आधी बघायचे. घरी नळ कधी येईल ते सांगता येत नव्हतं. जालना रोडवर टँकरची रांग लागलेली असायची आणि वर स्विमिंग पूलवाल्या फ्लॅटच्या जाहिरातीचे हे भले मोठे बोर्ड. शहर वाढत होतं आणि पाणी आटत होतं, आणि आम्हाला दोन्हीची सवय होत चालली होती. कंपनीचंही पाणी कमी केलं होतं. हात धुवायला प्रत्येकी एक मग पाणी मिळायचं.

अशाच एका दिवाळीनंतर ते पुण्याहून भाच्याकडून परतले ते वेगळाच माणूस होऊन. भाचा आयटीवाला. तो आणि त्याचे मित्र म्हणे कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या बास्केटबॉलपटूंच्या टीमा करून खेळत. यांनी सगळी दिवाळी त्या पोराच्या खुर्चीमागे उभं राहून काढली.

"मॅडम, टीम घेता का?" माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं. हातात वाकडा बोल्ट नव्हता, म्हणून मी मान वर केली.

"कसली टीम?"

"मनातली. खेळणारे खेळतेत मैदानावर. आपण त्यातले चौघं आपल्या मनानं निवडायचे, कुठल्या का खात्याचे असंना. शनिवारी त्यांनी जे केलं, ते आपल्या टीमच्या नावावर चढणार. मैदानावर टीम येगळी, मनात येगळी."

"आणि मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही त्याचं काय?"

"लई चांगलं. कळणाऱ्यांनी आजवर काय दिवे लावले?"

कँटीनमध्ये निवडीचा दिवस ठरला. मी, अकाउंट्सचे कुलकर्णी, कँटीनच्या लताबाई आणि आणखी पाचसहा हौशी. आधी कोणी निवडायचं यावरूनच जुंपली. पंजा वर झाला. "टँकरवर कसं करतो आपण? पहिला हंडा ज्यानं भरला, त्यानं दुसऱ्या हंड्याला शेवटी यायचं. शेवटचा जो, तो दुसऱ्या फेरीत पहिला. तसंच." सगळ्यांना एका क्षणात कळलं. पुढे भाच्यानं सांगितलं की अमेरिकेतही असंच करतात आणि त्याला सापासारखी रांग म्हणतात. आम्हाला सापाची गरज पडली नाही.

चिठ्ठीत पहिला नंबर लागला कुलकर्ण्यांचा आणि त्यांनी वेल्डिंगचा अझर उचलला. साहजिकच होतं, अझर म्हणजे आमचा हुकमाचा एक्का. मी असेंब्लीचा गवळी घेतला. लताबाईंनी पेंटशॉपचा सुधाकर घेतला आणि सगळे हसले. सुधाकर जाडजूड, पळाला की धापा टाकणारा, त्याचा बॉल रिंगला लागला तरी टाळ्या पडायच्या.

"हसताय कशाला?" लताबाई म्हणाल्या. "ताट स्वतः उचलून ठेवतंय ते. तुमच्यातलं एक तरी ठेवतंय का?"

"मोजायचं का ते?" कोणीतरी पंजा वर करून नक्कल केली. कमिशनर स्वतः खळखळून हसले. हो, तोपर्यंत ते कमिशनर झाले होते. भाच्यानं सांगितलं होतं की लीग चालवणाऱ्याला कमिशनर म्हणतात, आणि कमिशनरनं स्वतः टीम घ्यायची नसते.

पहिल्या वर्षीचा नियम अगदी साधा होता. खेळाडूनं जेवढे पॉइंट टाकले, तेवढे टीमचे. सोमवारी सकाळी कँटीनच्या फळ्यावर आकडे यायचे आणि चहाच्या रांगेत मारामारीची वेळ यायची. शनिवारी मैदानाभोवती जागा मिळेना. मी, जिनं शाळेत पीटीच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून वर्गात बसून दिवस काढले, ती मी कडुनिंबाखाली उभी राहून ओरडत होते, "गवळी, टाक. टाक रे." आपापल्या खेळाडूची बडदास्त सुरू झाली. लताबाई सुधाकरच्या ताटात जास्तीचं अंडं घालायच्या. कुलकर्णी तर सकाळी टँकर आला की अझरच्या घरचे हंडे स्वतः उचलून द्यायला जायचे, कारण काय, तर त्याचे खांदे दुखू नयेत. अझरची बायको लाजून घरात पळायची.

आणि इथेच आमची माती झाली. इंटर-कंपनी स्पर्धेला संघ उतरला तेव्हा पाचही जण कोणाच्या ना कोणाच्या मनातल्या टीमचे होते आणि वर्षभर आम्ही त्यांच्या कानात एकच मंत्र घातला होता, की टाक. बॉल ज्याच्या हातात, तो तिथूनच टाकायचा. गवळीनं अर्ध्या मैदानातून टाकला. अझरच्या शेजारी माणूस मोकळा उभा असताना अझरनं तिघांच्या डोक्यावरून टाकला. पास कोणी कोणाला देईचना, कारण पासाला आमच्याकडे भाव नव्हता. इतका लाजिरवाणा पराभव त्या स्पर्धेत कोणी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी बोलावलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, टँकर उभे करायला जागा नाही, टाकी बांधायला जागा नाही, आणि मागे एवढं मैदान पडलंय. पुढच्या वर्षी संघ पहिल्या फेरीत हरला, तर संघ बंद आणि मैदानावर टँकर. कागद तयार आहे, फक्त सही बाकी.

कमिशनर स्टोअरमध्ये येऊन रिकाम्या खोक्यावर बसले. मी समोर गेले, तर त्यांनी नजर उचलली नाही. "माझ्या लीगनं संघ बुडवला, मॅडम," एवढंच म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी त्या दिवशी वाकड्या बोल्टाचं एक पोतं मुकाट्यानं परत घेतलं.

पण माणूस खचून बसणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या वर्षी फळ्यावर एका रांगेऐवजी पाच रांगा आखलेल्या दिसल्या. बास्केट, पास, हिसकावलेला बॉल, रिंगवरून परत आलेला बॉल पकडणं, आणि शेवटी लाल खडूनं, घालवलेला बॉल, ज्यात सगळ्यांत कमी घालवणारा पहिला. प्रत्येक रांगेत कोणाची टीम पहिली, कोणाची दुसरी, ते लावायचं आणि सगळ्या रांगांतले नंबर मिळवून विजेता काढायचा. नुसता टाकणारा एका रांगेत पहिला यायचा आणि बाकीच्यांत तळाला. कुलकर्णी चार आठवडे तळाला राहिले. त्यांचा अझर भरमसाट टाकत होता आणि तितकाच बॉल घालवत होता.

"हे काही बरोबर नाही, शेवटी सामना बास्केटनंच जिंकतात," कुलकर्णी म्हणाले.

"बास्केट कुठून येती? आभाळातून का?" कमिशनर म्हणाले.

मग तेवढ्यावर भागेना म्हणून दर आठवड्याला जोड्या लावल्या. या शनिवारी माझ्या टीमची गाठ लताबाईंच्या टीमशी, पुढच्या शनिवारी दुसऱ्याशी. पाचपैकी तीन रांगा ज्यानं मारल्या, त्याचा आठवडा. त्या जोड्यांनी तर कहर केला. लताबाईंशी माझी गाठ असली की त्या आठवड्यात मला चहा बिनसाखरेचा मिळायचा. आणि त्या मला दरवेळी हरवायच्या, कारण तो सुधाकर. ढिम्म माणूस, पण रिंगखाली पाय रोवून उभा राहिला की परत आलेला बॉल त्याच्याशिवाय कोणाला मिळायचा नाही, आणि मिळाला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा. ताट उचलून ठेवावं तसा.

एकदा कुलकर्ण्यांनी इंटरनेटवर वाचून नवीनच काढलं. म्हणाले, निवड जुन्या पद्धतीची झाली, आता लिलाव करू. सगळ्यांना सारखे चिंचोके द्यायचे आणि खेळाडूवर बोली लावायची. अझर महाग जाईल, सुधाकर दोन चिंचोक्यांत येईल. अमेरिकेत बऱ्याच लीग अशाच चालतात. आम्हाला कल्पना आवडली, मी तर मनात हिशेबही सुरू केला.

कमिशनरांचा पंजा वर झाला नाही. ते शांतपणे म्हणाले, "नाय. लिलाव आपल्याकडं व्हणार नाय."

"अहो, चिंचोकेच तर आहेत."

"असू द्यात. अमेरिकेतले लांब ऱ्हातेत, त्यान्ला काय कळतंय. इथं सुधाकर सकाळी याच कँटीनमधी चहा प्यायला येतो. त्यानं फळ्यावर बघायचं, आपण दोन चिंचोक्याचे? माणसाची बोली माझ्या फळ्यावर लागणार नाय."

कुलकर्णी खाली मान घालून उगाच चमचा ढवळत राहिले. मग त्यांनीच दर शनिवारी नवी टीम निवडायची पद्धत सुचवली, तर लताबाई म्हणाल्या, "दर शनिवारी नवी? मग माणसाची ओळख व्हायची कवा?" आणि हशात विषय संपला. त्याऐवजी कमिशनरांनी ठरवलं की प्रत्येकानं आपल्यातला एक खेळाडू पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवायचा. लताबाईंनी सुधाकरला राखला. या वेळी कोणी हसलं नाही.

आणि शनिवारी मैदानावर काय बदललं होतं म्हणून सांगू. लोक पासाला टाळ्या वाजवायला लागले होते. बास्केट पडल्यावर तर कोणीही वाजवतं. आमच्याकडे हिसकावलेल्या बॉलला आरोळी उठायची, आणि कोणी मोकळ्या गड्याला बॉल दिला की चार जण उड्या मारायचे. पोरांनाही ती चटक लागली. गवळी पास देऊन माझ्याकडे बघायचा, फळ्यावर चढला ना, अशा अर्थानं.

स्पर्धेचा दिवस आला. पहिली फेरी, आमच्याच मैदानावर. एचआरचे साहेब खुर्ची टाकून बसलेले. समोर वाळूजकडची एक तगडी कंपनी. टेबलावर त्यांचा माणूस घड्याळावर आणि आमचे कमिशनर गुण आणि फाउल लिहायला. दुसरं कोणी बसवा म्हणून तक्रार व्हायला हवी होती, पण या एका माणसाबद्दल चिकलठाणा ते वाळूज कोणाची तक्रार नव्हती.

सामना असा काही रंगला की विचारू नका. ते पुढे, आम्ही मागे, आम्ही पुढे, ते मागे. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. अझर त्या दिवशी देवासारखा खेळत होता, पास काय, बास्केट काय. त्यांचा उंच गडी रिंगकडे घुसला आणि अझरचा हात त्याच्या मनगटाला लागला. शिट्टी. रेफ्रीनं अझरचा नंबर दाखवला, समोरच्यांना दोन फ्रीथ्रो, म्हणजे कोणी न अडवता रिंगवर टाकायचे बॉल, दिले आणि तो रेषेकडे वळला.

बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. ते मोजायचं काम टेबलाचं, आणि हा अझरचा पाचवा होता. त्या गोंधळात कोणाच्याच ध्यानात नव्हतं, ना रेफ्रीच्या, ना समोरच्यांच्या. अझरच्याही नाही. कमिशनरांनी हात टेबलावरच ठेवला असता, तर सामना तसाच पुढे गेला असता.

मी त्यांच्या मागेच उभी होते. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. मग टेबलावरची पाच आकड्याची पाटी उचलली आणि पूर्ण हात वर केला.

काय आवाज उठला म्हणून सांगू. आमच्याच लोकांचा. कुलकर्ण्यांसारखा सभ्य माणूस, तोही काहीतरी वाईट बोलला. मीही मनात बोलले. अझर टेबलापाशी आला, डोळ्यांत पाणी. "चचा, तुम मेरेकू निकाल दिये?"

"मोजायचं ठरलं हाय ना, बेटा," ते म्हणाले. पाटी धरलेला हात खाली आला नाही.

बाकावर एकच माणूस उरला होता. सुधाकर उठला, बनियन खाली ओढला आणि मैदानात गेला. एचआरच्या साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

त्यांचा पहिला फ्रीथ्रो आत गेला. ते एकानं पुढे. दुसरा रिंगवर आदळून उडाला आणि सुधाकरनं पाय रोवले. त्यांचे दोन उंच गडी त्याच्या पाठीवर आदळले, पण तो हलला नाही. बॉल त्याच्या हातात. माझ्या शेजारी लताबाईंनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला. सुधाकरनं क्षणभरही बॉल ठेवला नाही, पुढे पळणाऱ्या गवळीला दिला. गवळी रिंगजवळ पोचला. गेल्या वर्षीचा गवळी असता तर त्यानं डोळे मिटून टाकला असता. अंगावर दोघं आले आणि त्यानं बॉल मागून येणाऱ्या टूलरूमच्या पोपटकडे सारला. पोपटनं हलकेच रिंगमध्ये ठेवला. शिट्टी वाजली.

एका गुणानं जिंकलो. मला आठवतं ते एवढंच की मी कुलकर्ण्यांना मिठी मारली आणि मग दोघंही घाबरून बाजूला झालो. लोकांनी सुधाकरला उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. एचआरचे साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते, तेही पासाला वाजवाव्या तशा, डोक्यावर हात नेऊन. अझर सगळ्यांत आधी टेबलाकडे पळाला आणि त्यानं बसलेल्या म्हाताऱ्याला खुर्चीसकट हलवलं. "थांब, गुणांच्या कागदावर सही व्हायची हाय," कमिशनर ओरडत होते.

दुसऱ्या फेरीत आम्ही हरलो. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. टँकरसाठी गेटजवळची स्कूटर स्टँडची जागा निघाली, आणि आम्ही गाड्या उन्हात लावायला लागलो.

नंतर मी त्यांना विचारलं, "आणि हरलो असतो तर?"

"तर टँकर उभे ऱ्हायले असते. पाणी बी लागतंच की." मग चष्म्याची दोरी सारखी करत म्हणाले, "मला रात्री झोप लागली असती, मॅडम. पण दुसऱ्या दिवशी मैदानाकडं बघवलं नसतं. दोन्ही खरंय."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. आम्ही हट्टच धरला की कमिशनरपद कुलकर्ण्यांकडे द्यायचं आणि तुम्ही टीम घ्यायची, पहिली निवड तुमची. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले आणि मग एक अट घातली. लीग आता कायमची करायची. एकदा घेतलेला खेळाडू कंपनीत आहे तोवर तुमचाच. म्हणजे आज कोण चांगला आहे ते बघायचंच, पण चारपाच वर्षांनी कोण होईल तेही बघायचं.

निवडीच्या दिवशी ते मुद्दाम पडेगावहून आले. तब्येत उतरली होती, गळ्याभोवती शर्ट सैल झाला होता. काय झालंय ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, पण दिसत होतं. सगळ्यांना वाटलं अझर घेतील. त्यांनी नुकत्याच लागलेल्या, प्रेसशॉपच्या रात्रपाळीतल्या एका उंच गड्याचं नाव घेतलं. विशाल. त्याला बॉल आपटत चालताही येत नव्हतं, पायांत पाय अडकायचे.

"अहो, याला खेळता कुठे येतं?" मी म्हणाले.

"आज नाय येत. त्याची मान बघा तुम्ही, बॉल नसला तरी माणसं हुडकती." ते मिश्किल हसले. "मला कुठं घाई हाय?"

उन्हाळ्यात ते गेले. मागे राहिलेल्या टीमचं काय करायचं, याची चर्चा झाली. नियमाप्रमाणे मालक नसलेल्या टीमचे खेळाडू पुन्हा निवडीला येतात. कुलकर्ण्यांनी फळ्यापुढे उभं राहून विचारलं, आणि कोणीच त्या टीममधलं एकही नाव घेतलं नाही, विशालचंही नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग लताबाई आपल्या टीमबरोबर दर शनिवारी ती टीमही जुन्या कमिशनरांच्या नावानं लावायला लागल्या. पहिली दोनतीन वर्षं ती फळ्यावर सगळ्यांच्या खाली असायची, सगळ्या रांगांत.

गेल्या शनिवारी माझी गाठ त्या टीमशी होती. गवळीला आता गुडघे साथ देत नाहीत, पण मी त्याला सोडलेलं नाही. विशालनं अर्ध्या मैदानावर बॉल हिसकावला, दोघांना चुकवून पळाला, रिंगखाली एकटा होता, नुसता ठेवायचा होता. त्यानं मान वळवली आणि मागून धापा टाकत येणाऱ्या गवळीला बॉल दिला. गवळीनं टाकला. बास्केट माझं, पास त्यांचा. त्या एका पासानं मी आठवडा हरले. सोमवारी फळ्यावर त्यांच्या नावापुढे पहिला नंबर लागला तेव्हा चहाच्या रांगेतले सगळे टाळ्या वाजवत होते, आणि लताबाईंनी माझ्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली.